पलीकडे जायचंय, गाडी नाही पकडायची

पलीकडची | मंगळवार, रात्री ९.४०

आमच्या स्टेशनचा कायापालट होणार आहे. निदान तसे फ्लेक्स गेल्या आठवड्यात पूर्वेला आणि पश्चिमेला लागलेत. चित्रात काचेची इमारत आहे, सरकते जिने आहेत, कुंड्या आहेत आणि माणसं ट्रॉलीबॅग ओढत हसत चालली आहेत. सकाळच्या ७.५२ ला ट्रॉलीबॅग घेऊन हसत जाणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. असो.

स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मध्य, पश्चिम, हार्बर, ज्याने त्याने आपलं समजून वाचावं.

आई ८१ वर्षांची, पश्चिमेला माझ्याकडे असते. तिची धाकटी बहीण पूर्वेला. आमच्या गच्चीवरून मावशीच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. सरळ रेघ मारली तर चारशे मीटर भरणार नाहीत, पण मधे रूळ. रिक्षाने जायचं तर उड्डाणपुलाला वळसा घालून साडेतीन किलोमीटर, आणि 'पूर्वेला?' म्हणून रिक्षावाला असा बघतो की जणू सुरतेला चल म्हटलंय. चालत जायला दोन पूल. एक महापालिकेचा, पार टोकाला, त्याचा जिना बघूनच आईला धाप लागते. दुसरा स्टेशनच्या मधोमध, त्याला सरकता जिना आहे, लिफ्ट आहे, पण तो रेल्वेचा. त्यामुळे दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर एकमेकींना विचारतात, "काय गं, तिकडे पाऊस आहे का?"

फेब्रुवारीत मी भाजी घेऊन मधल्या पुलावरून येत होते. टीसीबाईंनी अडवलं. म्हटलं, मला गाडी पकडायचीच नाहीये, घरी चाललेय. त्या म्हणाल्या, पुलावर आलात म्हणजे स्टेशनात आलात. दंड २५० आणि वर भाडं. कुठून कुठपर्यंतचं भाडं, असं विचारलं तर त्यांनाही हसू आलं. पावती मात्र फाडली. नियम मोडला होता, भरले पैसे.

तर प्रश्न असा. नव्या आराखड्यात रुळांच्या वर मोठा डेक आहे, 'शहराच्या दोन्ही बाजू जोडणारा' असं फ्लेक्सवर लिहिलंय. त्यावरून तिकिटाशिवाय पलीकडे जाता येणार का? ज्यांच्याकडे असं काम झालंय किंवा चालू आहे त्यांनी कृपया लिहा.

चाळकरी_बंड्या | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, जुना उपाय सांगतो. पुढच्या स्टेशनचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपये, प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपये. म्हणजे पलीकडे जायचं असेल तर प्रवासाला निघाल्याचं सोंग करणं निम्म्या पैशांत पडतं. आमच्या आजोबांनी त्यासाठी चक्क पास काढला होता, आमचं स्टेशन ते पुढचं स्टेशन. गाडीत एकदाही चढले नाहीत. रोज सकाळी पूर्वेच्या वाचनालयात जायचे, दुपारी जेवायला परत.

सोडावॉटर | मंगळवार, रात्री १०.११

आजोबांना साष्टांग दंडवत. धागा वाचतोय.

फाटकवाला | मंगळवार, रात्री ११.२०

चौतीस वर्षं पुलांच्या कामात गेली (रेल्वेच्याच), म्हणून जरा सविस्तर.

आधी जिन्याचं. पूल एवढा उंच कशाला, असं सगळे विचारतात. वरच्या तारेसाठी. मुंबईत पूर्वी १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. तो बदलून २५,००० व्होल्टचा एसी केला. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, मध्यच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये. व्होल्टेज वाढलं की तार आणि पूल यांच्यातलं अंतरही वाढवावं लागतं. हल्ली रुळापासून पुलाच्या पोटापर्यंत सव्वासहा ते साडेसहा मीटर मोकळे सोडतात. त्यात गर्डरची जाडी मिळवा, १५ सेंटिमीटरची पायरी धरा, पंचेचाळीसच्या आसपास पायऱ्या होणारच. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला त्यामागेही ही उंची होती. नवा २०२२ मध्ये सुरू झाला. मधल्या वर्षांत तिथली पोरं शाळेत कशी जात होती ते डोंगरीकर सांगतील.

दुसरं, गावं दुभंगली कशी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर गाडी गेली तेव्हा दोन्ही अंगांना शेतं, खाजणं, आगरं. कोणाला कोणाशी जोडायचं? रूळ आधी आले, गावं नंतर त्यांना बिलगून वाढली. गाड्या कमी होत्या तोवर फाटकांवर भागलं. आता दिव्याचं फाटक बघा. उघडलं की मागे लोकल खोळंबतात, मिटलं की गाव खोळंबतं.

आणि तिकिटाचं. तुम्हाला पावती देणाऱ्या बाईंना दोष देऊ नका. रेल्वेच्या लेखी माणसाचे दोनच प्रकार, प्रवासी आणि घुसखोर. पलीकडे जाणारा शेजारी हा प्रकार कायद्यात नाही.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात. त्यात रूळ ओलांडणारे फार. मी पंचनाम्यांना उभा राहिलोय. एकदा एकाच्या हातात दुधाची पिशवी होती, फुटलेली नव्हती. घर समोर दिसत होतं.

पलीकडची | बुधवार, सकाळी ६.५०

फाटकवाला काका, तो प्रकार कायद्यात नाही हे पहिल्यांदाच कोणीतरी नीट सांगितलं. दुधाच्या पिशवीचं वाचून मात्र पुढचं काही सुचेना.

गोखलेपीडित | बुधवार, सकाळी ९.१५

अंधेरीकर हजर आहे. (लोकलमधून टंकतोय, शुद्धलेखनाला माफी.)

३ जुलै २०१८ च्या सकाळी गोखले पुलाचा पादचारी भाग खाली रुळांवर आला. दोन जीव गेले. तिथून पुढे आमच्याकडे 'पूर्व-पश्चिम' म्हटलं की लोक दचकतात. ७ नोव्हेंबर २०२२ ला अख्खा पूल बंद. अंधेरी सबवे तर दर पावसाळ्यात पाण्याखाली. म्हणजे पूल नाही आणि बोगद्यात पोहावं लागतं. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू वाजतगाजत उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला तो जुळेचना! दोन पुलांमध्ये माणूस पाय सोडून बसेल एवढा फरक. सगळ्या महाराष्ट्राने हसून घेतलं. मग बर्फीवालाचा तुकडा जॅक लावून उचलला आणि जुलैमध्ये सांधा जुळवला. दुसरी बाजू उघडायला मे २०२५ उजाडला.

या काळात मी काय केलं? घर पश्चिमेला, ऑफिस पूर्वेला. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा पास काढला. ती रूळ ओलांडते दहा सेकंदांत. त्या दहा सेकंदांसाठी रोज तिकीट, तपासणी, दोन जिने. म्हणजे बंड्याच्या आजोबांचाच वारसा मी पुढे चालवला.

आणखी एक. या सगळ्या वर्षांत पेपरात मोटारी कुठून वळवणार त्याचे नकाशे रोज यायचे. चालणाऱ्याने कुठून जायचं त्याचा नकाशा मला तरी एकदाही दिसला नाही.

फाटकवाला | बुधवार, सकाळी १०.३०

उंची वाढली ती वर लिहिलेल्या तारांच्याच नियमामुळे. पण शेजारी दुसरा पूल उभा आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, हेही खरं. त्यावर मी गप्प बसतो.

संत्रामार्केट | बुधवार, दुपारी १.०२

काय सांगू भाऊ, तुम्ही मुंबईचे लोक एका स्टेशनासाठी रडून राहिले. आमचं नागपूर तर अख्खंच रुळांनी कापलेलं आहे. इकडे सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स, तिकडे महाल, इतवारी, गांधीबाग. जुनं गाव पूर्वेला अन् साहेबाचं गाव पश्चिमेला. स्टेशनची ती दगडी इमारत १९२५ ची, तिचं तोंड पश्चिमेला. आम्ही संत्रा मार्केटवाले म्हणजे स्टेशनच्या पाठीकडचे. पाहुणे आले की सांगा लागते, "मागच्या दारानं उतरा."

राम झुला झाला, तो तारांवर टांगलेला, दिसते मस्त. गाड्या भुर्रकन जातात. पण एखाद्या म्हाताऱ्यानं उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता त्यावरून चालून दाखवावं, मी त्याला आयुष्यभर सावजी खिलवतो. ४५ डिग्रीत सावली नसलेला पूल म्हणजे तवा हाये नं बाप्पा.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर अन् अजनी दोन्ही स्टेशनांच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. नागपूरचे ५९० कोटी, अजनीचे ३६०. चित्रात आमच्या बाजूलाही भारी इमारत दिसते, म्हणजे पाठीला तोंड येऊन राहिलं म्हणायचं. स्टेशनसमोरचा उड्डाणपूल पाडला, खालचे दुकानदार हलवले. अजनीकडे तर त्याआधी मोठ्या संकुलासाठी झाडं कापायचं निघालं होतं, अजनी वन वाचवा म्हणून लोक रस्त्यावर आले होते. तर ताई, फ्लेक्स पाहून खूश व्हा, पण सावली कुठे आहे ते पहा अन् झाडं किती जातात ते विचारा.

सोडावॉटर | बुधवार, दुपारी १.१०

सावजी म्हणालात तर मी येतो चालून. मे महिन्यातच येतो.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४.४५

परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे, घर प्रभादेवीच्या बाजूला. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. तिथे शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी दुमजली पूल होणार आहे. खालचा मजला आमच्या पूर्व-पश्चिमेसाठी, वरचा अटल सेतूकडे जाणाऱ्यांसाठी. होईल तेव्हा होईल. तोवर काय, तर टाटा, केईएम, वाडिया सगळी रुळांच्या एका बाजूला, आणि चुकून दुसऱ्या बाजूला उतरलेला बाहेरगावचा पेशंट फाइल छातीशी धरून विचारतो, हॉस्पिटल कुठंय? बोट दाखवून "ते काय" म्हणता येतं. कसं जायचं हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

२९ सप्टेंबर २०१७ बद्दलही लिहायला हवं, कारण कोणी लिहिलेलं नाही. दसऱ्याचा आदला दिवस, अचानक पाऊस, लोक एल्फिन्स्टन स्टेशनच्या पादचारी पुलावरच थांबले, खालून गाड्यांमागून गाड्या आणि त्यांतून उतरणारी माणसं. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. मी ड्युटीवर होते. त्या दिवसाचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगते, गिरण्या गेल्या, त्या जागी काचेच्या इमारती आल्या, त्यांत कामाला येणारी माणसं वाढत गेली, आणि उतरायचा जिना तोच राहिला. नंतर लष्कराने पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला.

डेक केवढाही असू दे. तो जिन्याशी किती रुंद आहे ते विचारा. माणसं जिन्याच्या तोंडाशी चेंगरतात.

गजरा | बुधवार, संध्याकाळी ७.३०

त्या चेंगराचेंगरीनंतर एका जखमी मुलीच्या जबाबाचं छापून आलं होतं. कोणीतरी "फूल गिर गया" म्हणालं आणि लोकांनी "पूल गिर गया" ऐकलं, असा. खरंखोटं माहीत नाही. पण आमच्या घरात ते वाक्य फार दिवस घुमत होतं, कारण माझी आई वीस वर्षं स्टेशनबाहेर फुलंच विकत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला, स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत. दीडशे मीटर म्हणजे आमच्याकडे बँक ओलांडून पुढे. तिथे गजरा कोण घेतं? गजरा घ्यायची वेळ असते गाडी यायच्या आधीची चार मिनिटं. आईने दोन वर्षं ओढाताण केली, मग सोडलं. मी नोकरी करते, आमचं बरं चाललंय, रडगाणं गात नाहीये. पण धागाकर्तीने डेकचं चित्र वर्णन केलंय म्हणून विचारते. त्या चित्रात गाळे आहेत ना? कॉफीचे, मोबाइलचे? त्यात दोन बाय दोनची एक गजऱ्याची जागा आहे का?

सोसायटी_सचिव | बुधवार, रात्री ८.१५

सहानुभूती आहे, पण स्पष्ट बोलतो. डेक झाला की पहिल्या महिन्यात अर्धा डेक फेरीवाल्यांचा होणार. स्कायवॉकचं काय झालं विसरलात? २००८ ला वांद्रे पूर्वेला पहिला झाला, मग स्टेशनागणिक झाले. आज निम्म्यांवर गर्दुल्ले, निम्म्यांवर शुकशुकाट. लोक खालूनच चालतात. फुकट आणि चोवीस तास उघडं म्हटलं की असंच होतं. माझं मत, डेक तिकिटवाल्यांसाठीच ठेवा, स्वच्छ राहील.

गजरा | बुधवार, रात्री ८.२२

सचिवसाहेब, तुमच्या सोसायटीतल्या सत्यनारायणाला फुलं कोण आणतं? ऑनलाइन मागवता?

सोसायटी_सचिव | बुधवार, रात्री ८.३०

मुद्दा तो नाही.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ८.४१

स्कायवॉक ओस पडले ते फुकट होते म्हणून नाही हो. स्टेशनच्या पुलावरून निघून ते रस्त्यावरच्या कुठल्याशा चौकात उतरायचे, ज्या चौकात कोणाला जायचं नव्हतं. आणि बाईमाणसाला रात्री अकराला गर्दुल्ल्यांपेक्षा शुकशुकाटाची भीती वाटते. पुलावर एक गजरेवाली, एक चणेवाला बसलेला असला की मी निवांत चालते. माझ्यासाठी तीच सुरक्षा.

कालव्याकाठी | गुरुवार, रात्री १२.५० (माझ्याकडे अजून बुधवारच आहे)

अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला. इथल्या स्टेशनची गोष्ट तुमच्या प्रश्नाला अगदी लागू आहे म्हणून सांगतो. 'परदेशात बघा कसं' या चालीवर वाचू नका, कारण यांनीही आधी माती खाल्ली होती.

इथेही रुळांच्या एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला नंतरची वस्ती. १९७० च्या दशकात स्टेशन आणि जुनं गाव यांच्यामध्ये यांनी अवाढव्य मॉल बांधला, होख कॅथरैने नावाचा. गावातून स्टेशनात जायचं तर मॉलमधून. शेजारचा जुना कालवा बुजवून तिथे मोटारींसाठी रुंद रस्ता केला. म्हणजे आपण आज जे स्वप्न बघतोय, स्टेशनच्या डोक्यावर दुकानं आणि बाजूला सुसाट रस्ता, ते यांनी पन्नास वर्षांपूर्वी करून पाहिलं. आणि पस्तावले. २००२ मध्ये शहरात स्टेशन परिसरासाठी सार्वमत घेतलं. दोन आराखडे लोकांपुढे ठेवले, निवडा म्हणाले. मग पुढची वीसेक वर्षं धूळ, पत्रे आणि वळसे. मी आलो तेव्हा रोज वेगळ्या दारातून बाहेर पडायचो.

आता मुद्द्याचं. २०१६ मध्ये नवं स्टेशन उघडलं. आत जायला फाटकं आहेत, कार्ड लावल्याशिवाय उघडत नाहीत, अगदी आपल्या मेट्रोसारखी. पण त्याच छपराखाली, फाटकांच्या बाहेरून, उत्तरेच्या कडेने एक रुंद मार्ग ठेवलाय. त्याला कार्ड लागत नाही. माझी बायको मुलीला घेऊन पलीकडच्या वाचनालयात जाते ती तिथूनच. शिवाय थोडं दक्षिणेला फक्त चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी वेगळा पूल बांधला, त्यावर चक्क झाडं लावलीत. (नागपूरकर, वाचताय ना?) आणि तो बुजवलेला कालवा खणून पुन्हा पाणी सोडलं, सप्टेंबर २०२० मध्ये सगळा वळसा पूर्ण झाला.

आम्सटरडॅमलाही सेंट्रल स्टेशनच्या खालून २०१५ पासून एक बोगदा आहे, ११० मीटरचा, चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी. चोवीस तास उघडा. एक भिंत निळ्या टाइलांची, तीवर जहाजांचं चित्र. पलीकडे खाडीवर फुकट फेरीबोट. तिथून जाताना आपण स्टेशनाखाली आहोत हे लक्षातही येत नाही.

इथे सगळं गोड नाही. खर्च भरमसाट झाला, जुनी दुकानं उठली, नव्या चौकात वारा असा सुटतो की छत्री उलटी होते. पण पलीकडे जायला तिकीट लागत नाही.

संत्रामार्केट | गुरुवार, सकाळी ८.०५

वाचून राहिलो भाऊ. पुलावर झाडं! आमच्याकडे पुलावर झाड उगवते ते पिंपळाचं, भेगेतून.

नकाशे_आणि_चहा | गुरुवार, सकाळी ११.४०

शहर नियोजनाच्या कामात आहे. ज्या स्टेशनची चर्चा चालू आहे त्याच्याशी माझा संबंध नाही, हे आधी सांगतो.

अमृत भारत स्टेशन योजनेत ६ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवशी ५०८ स्टेशनांची पायाभरणी झाली, त्यात महाराष्ट्रातली ४४. शहराच्या दोन्ही बाजू जोडणं हे त्या योजनेच्या उद्दिष्टांतच लिहिलेलं आहे. त्यामुळे पलीकडचीताई, तुम्ही भीक मागत नाही आहात, त्यांचंच वाक्य त्यांना वाचून दाखवताय. पण 'जोडणं' म्हणजे काय ते वाक्यात नसतं, नकाशात असतं.

नकाशा हातात आला की आधी एक रेघ शोधा, तिकीट तपासणीची. तिच्या आत जे येतं ते प्रवाशांचं, बाहेर जे राहतं ते शहराचं. डेक ३० मीटर रुंद असला आणि ती रेघ डेकच्या दोन्ही तोंडांशी काढलेली असली, तर तुमच्यासाठी त्या डेकची रुंदी शून्य. तीच रेघ आत सरकवून प्लॅटफॉर्मवर उतरणाऱ्या जिन्यांच्या तोंडाशी नेली, तर वरचा सगळा डेक रस्ता होतो. बांधकाम तेच, स्टील तेच. फरक तपासणीच्या जागेचा आहे. उत्रेख्तची गोष्टही तीच. तिथे ती रेघ स्टेशनच्या लांबीने काढली आणि कडेला पट्टा मोकळा ठेवला.

रेघ आत का सरकवत नाहीत? एक म्हणजे प्रत्येक जिन्याशी तपासणी ठेवायला माणसं जास्त लागतात. दुसरं म्हणजे पैसा. पुनर्विकासाचा खर्च भरून काढायला वरची जागा भाड्याने द्यायची असते. गांधीनगरला २०२१ मध्ये स्टेशनवर हॉटेलच उभं राहिलं. दुकानदाराला दुकानासमोरून थांबणारा माणूस हवा असतो, दुधाची पिशवी घेऊन लगबगीने जाणारा नको. म्हणून वाट वळत वळत दुकानांसमोरून जाते. कालव्याकाठी यांनी सांगितलेला मॉल आठवा.

सगळ्यात चिवट भाग मात्र हद्दीचा. रुळांवरचा भाग रेल्वेने बांधायचा आणि दोन्हीकडचे उतार महापालिकेने, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी असते. रेल्वेचा गर्डर एका रात्रीच्या ब्लॉकमध्ये बसतो. उताराच्या जागेवर एक रिक्षा स्टँड, एक शौचालय, चार गाळे आणि एक मंदिर असतं. मग पूल आकाशात लटकत राहतो. लटकलेले पूल बघितले की लोक रेल्वेला शिव्या घालतात, रेल्वे महापालिकेकडे बोट दाखवते, महापालिका कोर्टाच्या तारखेकडे.

सोसायटी_सचिव यांना एवढंच म्हणेन की कोणत्याही जागेला राखणदार लागतो. डेकची झाडलोट, दिवे, लिफ्टची देखभाल कोणी करायची ते करारात लिहिलेलं असलं की फुकट जागाही स्वच्छ राहते. लिहिलेलं नसलं तर तिकीटवालीही राहत नाही. आपले प्लॅटफॉर्म तिकीटवालेच आहेत की.

फाटकवाला | गुरुवार, दुपारी १२.२५

प्लॅटफॉर्मचा टोमणा झोंबला, पण खरा आहे. हद्दीबद्दल भर घालतो. एका ठिकाणी आमचा पूल तयार होऊन उतारावाचून उभा होता. सकाळी गस्तीला गेलो तर पोरांनी अर्धवट टोकाला बांबूची शिडी लावलेली, बाया डोक्यावर हंडे घेऊन चढत होत्या. आम्ही शिडी काढली. दुसऱ्या दिवशी परत लागली. तिसऱ्या दिवशी मी ती बघितलीच नाही.

चाळकरी_बंड्या | गुरुवार, दुपारी १२.४०

काका, ही तुमची कबुली सुवर्णाक्षरांत कोरून ठेवा.

सोसायटी_सचिव | गुरुवार, दुपारी २.१०

देखभालीचा मुद्दा पटला. फेरीवाल्यांबद्दल मत कायम आहे. मात्र गजरा यांच्यासाठी लिहितो, काल घरी विचारलं. आमच्याकडे फुलं स्टेशनबाहेरूनच येतात. रोज. मला माहीत नव्हतं.

गजरा | गुरुवार, दुपारी २.१५

 :)

पलीकडची | शुक्रवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. काल वॉर्ड ऑफिसात जाऊन आले. नकाशा भिंतीवर लावलेला होता, दाराच्या मागे. दार लावल्याशिवाय दिसत नाही आणि दार लावलं की शिपाई उघडायला येतो. 'नकाशे_आणि_चहा' यांनी सांगितलेली रेघ शोधली. पश्चिमेकडे ती आत आहे, प्लॅटफॉर्मच्या जिन्यांशी. पूर्वेकडे ती थेट डेकच्या तोंडाशी आहे. म्हणजे मी डेकवर तिकिटाशिवाय चढेन, मधोमध जाईन, मावशीची बिल्डिंग बघेन आणि परत येईन. तिथल्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, हे रेल्वेचं, आमच्याकडे फक्त माहितीसाठी आलंय." हरकती-सूचना कुठे द्यायच्या ते कागदावर लिहून घेतलंय. दोन्ही ठिकाणी देणार. आमच्या मजल्यावरच्या सात घरांच्या सह्या झाल्या, मावशीच्या बिल्डिंगमधून अकरा. सह्यांचा कागद पूर्वेला पोचवायला गेले तेव्हा पाच रुपयांचं तिकीट काढून गेले, बंड्याच्या आजोबांना स्मरून.

जिन्याची रुंदी, रात्रीची वेळ आणि लिफ्टची देखभाल घातली आहे. सावली घातली आहे. गजऱ्याची जागाही घातली आहे, सातवा मुद्दा.

येताना महापालिकेच्या पुलाच्या पायऱ्या मोजल्या. चढताना ४७. काकांचा हिशोब जवळपास बरोबर.

उद्या मावशीचा वाढदिवस आहे, ७९ वा. आईला न्यायचं ठरवलंय, दोन पाच-पाच रुपयांची तिकिटं काढून, मधल्या पुलाच्या लिफ्टने. आपल्यापैकी कोणी आमच्या लाइनवरचं असेल, आणि स्टेशन कुठलं ते एव्हाना ओळखलंच असेल, तर सकाळी लिफ्ट चालू आहे का ते बघून कळवाल का? आईला खालून परत आणणं मोठं कठीण असतं, ती हट्टाने चढायला लागते.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ७.२५

ओळखलं होतं, माझी बहीण तिथेच राहते. तिला आत्ता पाठवलं होतं. पश्चिमेची लिफ्ट चालू आहे. पूर्वेची बंद, 'देखभाल सुरू' असा कागद लावलाय, तारीख नाही. उतरायला सरकता जिनाही नाही, तो फक्त वर जाणारा आहे.

चाळकरी_बंड्या | शनिवार, सकाळी ७.३१

ताई, मावशींना लिफ्ट बंद असली तरी सरकत्या जिन्याने पूर्वेकडून वर येता येईल ना? आणि आईंना पश्चिमेच्या लिफ्टने. पुलावर भेटवा दोघींना. मधे बाकडं आहे का?

पलीकडची | शनिवार, सकाळी ७.४०

आहे. तिसऱ्या प्लॅटफॉर्मच्या वर. तिकिटं आता तीन काढावी लागतील. निघालो.